हाताला काम उरेल अशी मशीन

आमच्या घरी लेझरची मशीन आली ती माझ्या हट्टापायी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे उगाच कोणी ह्यांच्यावर बोट ठेवायला नको. ह्यांना ती नकोच होती. पण मी एकदा डोक्यात घेतलं की घेतलं. शाळेत हेडमास्तरसुद्धा म्हणायचे, बाई, तुमच्याशी वाद घालण्यापेक्षा सही करून टाकलेली बरी.

हे म्हणजे माझे मालक. आम्ही अमडापूरचे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेली मास्तरीण आणि हे भांड्यांवर नावं टाकणारे. नावं टाकणारा म्हणजे काय, हे आता नव्या पोरींना समजावून सांगावं लागतं. पूर्वी लग्नात भांडी दिली जायची, आणि नुसती दिली जायची नाहीत. हंडा असो, परात असो, साधा तांब्या असो, त्यावर देणाऱ्याचं नाव पाहिजे म्हणजे पाहिजे. नाहीतर देऊन उपयोग काय? खामगावच्या भांड्यांच्या गल्लीत एका दुकानाच्या पायरीवर हे आयुष्यभर बसले. एका हातात टोकदार पोलादी खिळा, दुसऱ्या हातात चिमुकली हातोडी, आणि टक टक टक करत ठिपक्याला ठिपका लावून 'यांजकडून सप्रेम भेट'. पुढे विजेवर घर्र करणारी लेखणी निघाली. गल्लीतल्या बाकी सगळ्यांनी ती घेतली. ह्यांनी घेतली नाही. "थे ओरखडते. लिवत नाही," म्हणायचे.

ह्यांचं अक्षर मला दुरून ओळखू यायचं. उजवीकडे जरासं झुकलेलं, ठिपके ज्वारीच्या दाण्यासारखे सारखे, आणि वेलांटी अशी ऐसपैस की शेजारच्या अक्षराला सावली मिळावी. आमच्या भागात कुठल्याही घरी पाणी मागितलं तर ते ह्यांच्या अक्षरातून मिळायचं. मला त्याचा फार तोरा होता. लोकांच्या घरी गेले की मी तांब्या उलटून पालटून बघायची आणि यजमानीण म्हणायची, "काय बाई, घासला आहे चांगला." मग मला खुलासा करावा लागायचा.

लग्नात भांड्यांच्या जागी पाकिटं आली आणि ते काम बसलं. ह्यांनी गाजावाजा न करता पायरी सोडली. घरामागच्या टिनाच्या शेडात त्यांची लेथ होतीच, लाटणी नि खाटेचे पाय करायला. मी रिटायर झाले तेव्हा ह्यांच्या मनात आलं की स्टाफला काहीतरी हातचं द्यावं. बाभळीच्या सुक्या फांदीचे त्यांनी पेन केले, गुळगुळीत, तेल पाजलेले, आणि प्रत्येकावर ज्याचं त्याचं नाव. तेच ठिपके, फक्त आता लाकडावर, आणि त्यात काजळी घासलेली. निरोपाच्या कार्यक्रमात माझ्या भाषणाकडे कोणाचं लक्ष नव्हतं. सगळे पेन बघत होते.

त्यानंतर पेनांचं काम कधी थांबलं नाही. शाळांचे निरोप समारंभ, बदल्या, एप्रिलातली जयंती, कोणाच्या पोरीला नोकरी लागली, कोणाचा पोरगा पास झाला. बाभूळ, चिंच, बोर, जुन्या दाराचं सागवान. पेन तसे बाजारात ढीगभर मिळतात, पण लोक यायचे ते नावासाठी.

आणि मग ह्यांचा हात हलायला लागला.

आधी मला वाटलं थंडी आहे. मग वाटलं अशक्तपणा. शेवटी बुलढाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, कंपवात. औषधं दिली. ह्यांना बाहेर बसवून मला आत ठेवलं आणि म्हणाले, "बाई, हा आजार जायचा नाही. पण यांना बसू देऊ नका. हाताला काम ठेवा, उठायला कारण ठेवा. एकदा खाट धरली की मग परत उठवणं कठीण." मला हे कोणी सांगायला नको होतं. माझ्या सासऱ्यांचाही हात असाच हलायचा. एका पावसाळ्यात ते खाटेवर टेकले ते टेकलेच. शेवटी शेवटी त्यांना कूस बदलायलाही माणूस लागायचा. ते सगळं मी माझ्या हातांनी केलेलं आहे. तेव्हा मी दवाखान्याच्या पायरीवरच ठरवलं, काय वाट्टेल ते होवो, ह्या माणसाला मी खाट धरू देणार नाही.

लेथवर ह्यांचं जमत होतं. पटाशी टेकवायला लेथला लोखंडी पट्टी असते, तिच्यावर हात दाबून धरला की थरथर कमी व्हायची. पेन अजूनही सुरेख व्हायचा. नाव मात्र गेलं. ठिपका एकीकडे ठेवायचा आणि पडायचा दुसरीकडे. एका मास्तरांच्या निरोपाचा चांगला चिंचेचा पेन असा खराब झाला, मग दुसरा, मग तिसऱ्याला खिळा निसटून बोटात घुसला. मी धावत गेले तर हे बोट तोंडात धरून बसलेले. म्हणाले, "आता लोकाईले सांगून दे. नाव टाकनं बंद."

"मंग कोन घेईन पेन?" मी म्हटलं.

"नोको घेऊ दे."

"अन् तुम्ही काय कराल?"

"काय करीन? पडून राहीन."

हे ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. पडून राहीन म्हणे! त्या दिवसापासून मी मोबाइल घेऊन बसले. सरकारनं सगळ्या मास्तरांना कॉम्प्युटरचा कोर्स करायला लावला होता, तेव्हा मी किती शिव्या घातल्या होत्या. आता तोच कामी आला. हिंदीतले व्हिडिओ बघून बघून मी लेझरमध्ये अशी तयार झाले की दूधवाल्यालाही सांगायला लागले. मशीनी ढोबळ तीन तऱ्हेच्या. स्टीलवर लिहिणारी एक, तिची किंमत ऐकूनच मी व्हिडिओ बंद केला. काचेच्या नळीची दुसरी, ती मोठी, आणि तिला गार ठेवायला सतत पाणी फिरवावं लागतं. इथे उन्हाळ्यात माणसाला पाणी पुरत नाही, तिला कुठून पाजू? तिसरी लहान, निळ्या उजेडाची, डायोडची. लाकडावर ती बरी जाळते आणि माझ्या पेन्शनीत बसते. त्यातही जास्त वॅटची घ्या म्हणून विकणारे मागे लागतात. पण जास्त वॅट लागतात फळ्या कापायला. नाव टाकायला उजेडाचा ठिपका बारीक पाहिजे, बस्स. पेन गोल, म्हणून त्याला फिरवणारे रोलर पाहिजेत, आणि तेही बारीक वस्तू धरणारे, नाहीतर ग्लास फिरवायचे मोठे रोलर येतात आणि पेन मधूनच खाली पडतो.

हे सगळं समजलं. माझी अडचण वेगळीच होती. ज्या त्या व्हिडिओत तो माणूस छाती फुगवून सांगायचा, ह्या मशीनीत तुम्हाला काहीच करावं लागत नाही. आपोआप मोजते, आपोआप थांबते, तुम्ही चहा प्या. अरे मेल्या, मला चहा प्यायचा नाही! मला माणूस कामाला लावायचा आहे.

म्हणून एकदा मी ह्यांना घेऊन खामगावला गेले. तिथे ट्रॉफ्या आणि नावाच्या पाट्या करणारा एक माणूस आहे, पन्नाशीचा, आणि तो मशीनीही मागवून देतो. दुकानात दोन मशीनी मांडलेल्या. एक डब्यासारखी बंद, झाकण लावलं की सगळं आतल्या आत. दुसरी उघडी, नुसती चौकट, रेल्वेच्या रुळांसारखे दांडे नि त्यावर सरकणारं मुंडकं. मी विचारलं, "दादा, यातल्या कोणत्या मशीनीत हातानं करायचं काम जास्त आहे?"

तो हसला. "मॅडम, लोकं मले इचारतात, कोन्यात काम कमी आहे. तुम्ही पयल्या, जे उलटं इचारून राह्यल्या."

त्याची नजर ह्यांच्या हाताकडे गेली. हे खुर्चीवर बसले होते आणि उजवा हात डाव्या हातानं मांडीवर दाबून धरला होता. तो हसायचा थांबला. मग उघडी मशीन दाखवून म्हणाला, "मंग हे घ्या. हिच्यात लय कटकट आहे. पेन हातानं बसवा लागते. मुंडकं किती उंच पायजे थे पाह्याले ही पितयेची गिट्टी मधात ठेवा, मुंडकं तिच्यावर टेकवा, मंग गिट्टी काढा. बटन बी हातानं. झाल्यावर काजयी पुसा."

"कटकटच पायजे," मी म्हटलं.

त्यानं आम्हाला हिरव्या काचेचे चष्मे दिले आणि लाकडाच्या तुकड्यावर 'शुभेच्छा' काढून दाखवलं. निळा ठिपका सरसर गेला, धुराची बारीक रेघ निघाली, आणि झालं. ह्यांनी तो तुकडा हातात घेतला, चष्मा काढला, उजेडाकडे धरून पाहिला. मला वाटलं, आता म्हणतील, ओरखडते, लिवत नाही. पण म्हणाले, "अक्षर मेलेलं आहे. पन मशीनीचं आहे, मशीनीसारखं आहे. त्याले नाव नाही ठेवत मी." परतीच्या बसमध्ये चिखली रस्त्याला लागल्यावर आपणहून बोलले, "ठीक आहे. आपन तिले पेन बसवून देऊ. ते लिहीन, आपन पुसू." मी खिडकीकडे तोंड करून रडून घेतलं. आनंदाचं रडणं होतं ते, दुसरं काही नाही.

मशीन आली ती खोक्यातून, सुट्या भागांत. जोडायच्या आधी पूजा नको का? लेथची पूजा दर दसऱ्याला हेच करतात, त्यामुळे हिचीही ह्यांनीच करायची. पाटावर चौकट ठेवली, रोलर ठेवले, आणि मुंडकं ठेवलं ते उताणं, उजेड बाहेर पडायची काच वर करून. ह्यांनी नारळ फोडला, हळद वाहिली, ओलं कुंकू अंगठीच्या बोटावर घेतलं आणि मुंडक्याच्या बाजूच्या पत्र्यावर लावायला गेले. बोट पत्र्यापर्यंत पोहोचलं नाही. मध्येच हिसका बसला आणि कुंकू पडलं ते नेमकं काचेवर. मी पटकन पदर पुढे केला आणि पुसलं. दिसायला तर काच स्वच्छ झाली. उदबत्ती ओवाळली, मशीन जोडली, फळीचा तुकडा ठेवला, चालू केली. तड असा आवाज आला, करपल्याचा वास सुटला, आणि काचेच्या मधोमध पिवळा डाग उठला. त्यानंतर फळीवर काही उमटेना.

मी लगेच म्हटलं, "माह्याच पदराले तेल होतं. सकाळी पोया केल्या ना."

"खोटं नोको बोलू वो," हे म्हणाले. "माह्या हातचं आहे."

आणि उठून घरात गेले. भर दुपारी, आयुष्यात पहिल्यांदा, काम सोडून खाटेवर आडवे झाले. भिंतीकडे तोंड.

मी कंपनीला फोन लावला. तिकडे एक मुलगी, बोलणं पुण्याकडचं, साखरेत घोळलेलं. म्हणे, "काचेला काय लागलं होतं, मॅडम?" मी म्हटलं, कुंकू. "काय?" कुंकू हो, कुंकू, हळदीकुंकवातलं! ती म्हणाली, "लेन्सला कुंकू कशाला लावलं पण?" मग मात्र माझी तार सरकली. म्हटलं, "नवी मशीन घरी आली तर काय लावू मग, चप्पल?" ती बिचारी हसू दाबत म्हणाली, दुसरी काच पाठवते. मीही हसले असते. पण आत हे खाटेवर होते आणि हाक मारली तर ओ देत नव्हते.

काच यायला वेळ लागणार होता. तोवर हे सकाळी उठायचे, चहा घ्यायचे, अंगणापर्यंत जायचे आणि परत खाटेवर. लेथला हात नाही. मी ओरडून पाहिलं, लाडीगोडी लावून पाहिली. "तुमच्या बाबासारखं करू नका हो," असंही एकदा तोंडातून गेलं. काही फरक पडला नाही. आणि त्याच दिवसांत एका व्हिडिओत मला दिसलं की ही मशीन छापील अक्षरच टाकते असं नाही, फोटोतलं अक्षरही जसंच्या तसं जाळते. बस्स. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ह्यांचं अक्षर गेलंय कुठे? घरोघरच्या फळीवर तर आहे.

मी पिशवीत गव्हाचं पीठ घेतलं आणि गावात निघाले. ठिपक्यांवर कोरडं पीठ चोळायचं, वरवरचं पुसून टाकायचं, की ठिपक्यांत तेवढं पांढरं राहतं आणि अक्षर उठून दिसतं. मग मोबाइलनं फोटो. बाया मला हसल्या, मग कामाला लागल्या. कोणी माळ्यावरून घंगाळ काढलं, कोणी धान्याची कोठी रिकामी करून दिली. एका हंड्यावरून 'क' घेतला, एका परातीवरून 'म'. ठ शोधायला मी अर्धं गाव पालथं घातलं. शेवटी तो एका म्हातारीच्या तांब्यावर सापडला. तिच्या नवऱ्याचं नाव होतं ते. तिनं तांब्या माझ्या हातात दिला नाही. स्वतःच्या मांडीवर धरून ठेवला आणि म्हणाली, "असाच घे फोटो." मी तसाच घेतला.

मग रोज ह्यांना झोप लागली की मी कॉम्प्युटरवर बसायची. एकेक अक्षर कापायचं, सरळ करायचं, काना-मात्रा वेगळ्या जपून ठेवायच्या. मी ह्यांना काही सांगितलं नाही. मला वाटत होतं, हे बघतील आणि उठून बसतील. हात गेला तरी अक्षर गेलं नाही, हे कळलं की माणसाला केवढा धीर येईल! मी मनातल्या मनात ह्यांचा चेहरा किती वेळा पाहून ठेवला होता.

काच आली, बसवली. मी ह्यांना हाताला धरून शेडात नेलं. म्हटलं, "पेन बसवा. माह्याच्यानं बसत नाही." बोरीचा एक तयार पेन होता. ह्यांनी तो रोलरवर ठेवला, तो घरंगळला. परत ठेवला, परत घरंगळला. मी हात पाठीमागे घट्ट धरून उभी होते, कारण मदत केली असती तर सगळंच मुसळ केरात गेलं असतं. शेवटी बसला. पितळेची गिट्टी ठेवली, मुंडकं टेकवलं, गिट्टी काढली. घाम आला होता त्यांना, पण चेहऱ्यावर जरा रंगही आला होता. "बटन दाबू?" म्हणाले. कितीतरी दिवसांनी ह्यांनी मला आपणहून काही विचारलं होतं.

निळा ठिपका पेनावर चालायला लागला. पेन जरासा फिरे, ठिपका जाई, पेन जरासा फिरे. मी पेन बघतच नव्हते. हिरव्या चष्म्याआड ह्यांचे डोळे बघायचा प्रयत्न करत होते. मशीन थांबली. ह्यांनी पेन उचलला, फडक्यानं काजळी पुसली आणि चष्मा कपाळावर ढकलला. ओळखीच्या एका गुरुजींचं नाव होतं. उजवीकडे जरासं झुकलेलं, ठिपके सारखे, वेलांटी ऐसपैस.

ह्यांनी पेन उजेडाकडे धरला. मग म्हणाले, "हे माहं आहे."

"हो!" मी म्हटलं, आणि भडाभडा सगळं सांगितलं. पीठ, हंडे, म्हातारीचा तांब्या. किती कौतुकानं सांगत होते मी! हे ऐकत होते, अंगठा त्या नावावरून फिरवत होते. पेनासकट हात हलत होता. नाव मात्र सरळ होतं.

"लय चांगलं केलं तू," म्हणाले. पेन जपून टेबलावर ठेवला. "मशीननं मशीनीचं लिवलं असतं त मी तिचा हमाल झालो असतो, वो. माही काई तक्रार नोती. पन तिनं माहं लिवलं. आता माहं काय काम?"

"अहो, पेन कोन बसवीन?"

"तू बसवशीन. तुह्या हातानं घरंगळत नाही."

मी लगेच म्हटलं, ठीक आहे, छापील टाकू. तिथल्या तिथे दुसरा पेन बसवला आणि त्यावर कॉम्प्युटरचं अक्षर टाकून ह्यांच्या पुढे धरलं. ह्यांनी दोन्ही पेन शेजारी शेजारी ठेवून पाहिले. नावं टाकण्यात जन्म गेलेला माणूस, खोटं कसं बोलणार? म्हणाले, "हे घान दिसते. आता चांगलं असून लोकाईले घान काऊन द्याचं?" आणि भिंतीला धरत धरत घरात गेले.

मी चूक केली असं मी अजूनही म्हणणार नाही. कोणी म्हटलं तर भांडेन. पण रडू येतं ते येतंच. सगळा बाजार धुंडाळून मी कटकटीची मशीन आणली, ह्या माणसाच्या हाताला काम उरावं म्हणून. आणि मग माझ्याच हातानं तिला ह्यांचा हात देऊन टाकला. आता पेनाचं लाकूड मी दुसरीकडून कातून आणते, नाव मी टाकते, काजळी मी पुसते. मशीन झकास चालते. हे खाटेवर असतात. जेवायला उठतात, कधी तेही नाही.

परवा डोणगावहून एक बाई आल्या, दवाखान्यात नर्स आहेत. त्यांचे वडील गेले. पुण्यानुमोदनाच्या विधीला येणाऱ्या प्रत्येकाला वडिलांच्या नावाचा पेन द्यायचा असं घरच्यांनी ठरवलं होतं. वडील पोस्टमन, आयुष्यभर लोकांची अक्षरं वाहिली, म्हणून पेन. 'कालकथित', म्हणजे दिवंगत, आणि पुढे नाव. मी पेन करून ठेवले होते. बाईंनी पहिला पेन हातात घेतला, नाव वाचलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. म्हणाल्या, "मॅडम, आमच्या आईच्या हंड्यावर बाबांचं नाव आहे, खामगावच्या गल्लीतलं. हेच अक्षर. आम्हाला हाच हात पाहिजे होता. काका आहेत का घरी?"

मी काही म्हणायच्या आत त्या आत गेल्यासुद्धा. मी मागोमाग. हे जागे होते. बाईंना बघून ह्यांनी हात चादरीखाली घेतला. बाई खाटेजवळ खाली बसल्या.

"काका, तब्येत बरी नसून तुम्ही आमचं काम केलं. हात काय सुरेख आहे हो तुमचा अजून! माझे बाबा असते तर पेन घेऊन गावभर फिरले असते."

चादर हलत होती. मला वाटलं, हे आता खरं सांगून टाकतील. ह्यांनी जन्मात दुसऱ्याच्या कामावर आपलं नाव सांगितलेलं नाही.

"हो बाई," हे म्हणाले. "माह्याच हातचं आहे."

बाईंनी खाटेच्या कडेला डोकं टेकवून नमस्कार केला आणि पेनांची पिशवी पोटाशी धरून गेल्या. मी त्यांना फाटकापर्यंत सोडून आत आले. हे छताकडे बघत होते.

"मी मेल्यावर बी मशीन असंच लिहीन न?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. खोटं काय बोलू?

"मंग मी काऊन राह्यलो?"

जन्मभर मी ह्या माणसाला एकाला दोन उत्तरं दिली. शाळेत, बाजारात, फोनवर, कोणाचं ऐकून घेतलं नाही. आता मात्र मी खाटेवर त्यांच्याजवळ बसले, चादरीखाली हात घातला आणि त्यांचा हात धरला. दोन्ही हातांनी धरला, तरी तो हलत होता.

"माह्यासाठी राहा," मी म्हटलं. "मले तुमचं अक्षर नोको. मले तुम्ही पायजे."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हात हळूच सोडवून घेतला आणि म्हणाले, "हे तू मशीन घ्याच्या आंधी सांगाचं होतं."